तेलाला पेट्रोलचा वास

पियुषने बॉनेटखाली वाकून तेल बघायची पट्टी बाहेर ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घालून काढली आणि नाकाशी धरली. गाडी हुंगून घेणारं गिऱ्हाईक जयसिंगराव आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते.

हा मुलगा विजय नगरात कुठल्याशा आयटी कंपनीत कामाला होता आणि असल्या गाड्यांपायी वेडा होता. आल्याआल्या त्याने इंजिनाला जवळजवळ नमस्कारच केला. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, दोनशेच्या वर हॉर्सपॉवर, पाय ठेवला की पाठ सीटला चिकटते, असं बरंच काही तो सांगत राहिला. जयसिंगराव मान डोलवत होते. गाडी त्यांच्या मुलाची, सार्थकची. तोही जेवताना हेच सांगायचा आणि तेव्हाही ते अशीच मान डोलवायचे. कळत तेव्हाही काही नव्हतं. सार्थकला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. गाडीचा त्यात काही दोष नव्हता. तापाचं निमित्त झालं आणि धडधाकट पोरगा दवाखान्यातून परत आला नाही.

इतके महिने उभी असलेल्या गाडीची बॅटरी मेलेली असणार, हे धरूनच पियुष सोबत केबल घेऊन आला होता. पण मघाशी त्याने बटण दाबलं आणि इंजिन एका दमात सुरू झालं. इंदिराबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थबकल्या.

"काका, इंजिन तर एकदम मस्त आहे," पट्टी पुन्हा हुंगत पियुष म्हणाला. "पण ऑइलला पेट्रोलचा वास येतोय. कोणी रोज स्टार्ट करून लगेच बंद करतं काय?"

मग त्याने समजावून सांगितलं. हे इंजिन भरवशाचं, पण त्याला पळवावं लागतं. रोज हायवेने महूपर्यंत नेऊन आणलं तर ते खूश. थंड असताना जरा वेळ चालवून बंद केलं, की पेट्रोल पुरतं जळत नाही, थोडं थोडं तेलात उतरतं आणि तेल पातळ होऊन टर्बोची वाट लागते. एकदोनदा केल्याने असं होत नाही. हे पुष्कळ दिवसांचं काम आहे.

जयसिंगरावांना नवल वाटलं नाही. रोज सकाळी ते बाथरूममध्ये असताना हा आवाज त्यांच्या कानावर येई. ऑफिसला निघण्याआधी सार्थक करायचा तशीच जरा वेळ घुरघुर, मग शांत. पहिल्यांदा ऐकला तेव्हा तांब्या त्यांच्या हातातच राहिला होता. मग उमजलं, ही इंदिरा. पोराच्या गाडीत घटकाभर बसत असेल बिचारी. ते कधी बघायला बाहेर आले नाहीत, तिला विचारलंही नाही. नवराबायकोने एकमेकांचं एवढं तरी झाकावं, असं त्यांचं मत होतं. पण वर्ष होत आलं तरी ते थांबेना, तेव्हा त्यांनी गाडी विकायचं ठरवलं. दारातून ती गेली तरच इंदिरा सावरेल, नाहीतर कधीच नाही, ही भीती त्यांना खात होती.

आता परक्या मुलासमोर तिला ओशाळं वाटायला नको म्हणून ते म्हणाले, "मीच करतो रोज. बंद राहून खराब होईल असं वाटलं."

इंदिराबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या मायेने त्यांनी बघितल्याला फार दिवस झाले होते.

पियुष हसला. ऑइल बदललं की झालं म्हणाला, आणि रविवारी गाडी न्यायचं पक्कं केलं. फक्त दोन्ही चाव्या लागतील, तेवढ्या काढून ठेवा. एक चावी कपाटात होती. दुसरी सार्थकच्या खिशात असायची आणि दवाखान्यातून आलेल्या सामानात ती निघाली नव्हती. शोधून ठेवतो, असं जयसिंगरावांनी सांगितलं.

तो गेल्यावर त्यांनी गाडीपाशीच उभं राहून निवलेला चहा तसाच घेतला. मग जमेल तितक्या हलक्या आवाजात म्हणाले, "इंदिरा, मी रागवत नाही. पण रविवारपर्यंत आता चालू नको करूस तिला."

"मी? मी कशाला हात लावू? तुम्हीच तर करता. आत्ता त्याच्यासमोर बोललात ना."

"ते तुझ्यासाठी बोललो. सकाळी मी आंघोळीला जातो तेव्हाच आवाज येतो."

"सकाळी नाही हो," इंदिराबाई म्हणाल्या. "संध्याकाळी. तुम्ही चक्कर मारायला निघता आणि मी देवापाशी दिवा लावते, तेव्हा. गेटपाशी जरा वेळ चालू राहते, मग बंद होते. मला वाटायचं, तुम्हाला तेवढंच बरं वाटत असेल. म्हणून मी कधी बाहेर आले नाही."

जयसिंगरावांनी बॉनेटवर टेकलेला हात काढून घेतला. सकाळी निघतो आणि संध्याकाळी येतो, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं. अंगावर काटा आला, हे खरं. पण त्यासोबत असंही काही वाटलं, जे वर्षभरात एकदाही वाटलं नव्हतं, आणि बायकोकडे बघितल्यावर कळलं की तिलाही तेच वाटतंय.

"पियुषला फोन करा," इंदिराबाई म्हणाल्या. "गाडी द्यायची नाही म्हणून सांगा."

"आता कारण काय सांगू त्याला?"

त्या कपबशा गोळा करत होत्या. वर न बघताच त्यांनी उत्तर दिलं.

"सांगा, मुलगा वापरतो."