रिकाम्या खुर्चीखालचा ठेका

रविवारी दुपारी बंदरावरच्या पबात वादक जमत, तेव्हा कोपऱ्यातली एक खुर्ची रिकामी ठेवली जायची. मालकीण गोबनेटचा नवरा फर्गल तिथे बसून फिडल वाजवायचा. तो समुद्रात बुडाला, तेव्हापासून धून सुरू झाली की त्या खुर्चीखाली बुटाचा ठेका ऐकू यायचा. गावाला त्याची सवय झाली होती.

आज धून सुरू असताना गोबनेट लेकापुढे, कॉरमॅकपुढे, शिंपल्यांचा वाफाळता वाडगा ठेवत होती. तेवढ्यात म्हातारा बासरीवाला पीडर हळूच म्हणाला, "आज त्या खुर्चीखाली दोघं ठेका धरतायत गं."

तिने कान दिला. दुसरा ठेका टाचेचा होता, जरा घाईचा. असा ठेका गावात एकटा कॉरमॅकच धरायचा.

तिने टेबलाखाली पाहिलं. लेकाचे पाय स्थिर होते.

धून संपली. फर्गलचा ठेका थांबला. दुसरा चालूच राहिला.

"माझ्यासारखाच ठेका कोण गं धरतंय, आई?" कॉरमॅक हसत उठला. सकाळपासून शेकोटीपाशी टांगलेला कोरडा ठणठणीत कोट त्याने अंगात चढवला. "येतो मी. भरती आलीय, बोट काढतो."

"आज नको जाऊस रे."

तिने त्याची बाही घट्ट धरली. बोटांमधून खारं, गार पाणी निथळू लागलं.