‘मी’चा ‘तो’

“आज ‘मी’ नको,” साहेब म्हणाले. “‘तो म्हणाला की’, ‘ती म्हणाली की’, असं सांगा. टाइपिस्टला सोपं जातं.”

दुभाषीबाईंनी डब्याची पिशवी टेबलाखाली सरकवली. सोळा वर्षं त्या या चौकशीच्या खोलीत बसत होत्या. साहेबांना इथली भाषा येत नव्हती, साक्षीदारांना इंग्रजी येत नव्हतं, आणि मधल्या खुर्चीवर बाई. साक्षीदार म्हणाला ‘माझी पाठ दुखते’, की बाईही इंग्रजीत ‘माझी पाठ दुखते’ म्हणायच्या. नवा टाइपिस्ट हमखास विचारायचा, बाई, तुमचं रोज काय काय दुखतं? बाई हसायच्या, पण नियम सोडायच्या नाहीत. ‘मी’ म्हणून त्यांनी चोऱ्या कबूल केल्या होत्या आणि ‘मी’ म्हणून मारही खाल्ला होता.

त्यांनी साहेबांना समजावून पाहिलं. आमच्या भाषेत माणूस दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगतो, त्यातला ‘मी’ तसाच राहतो. इंग्रजीत त्या ‘मी’चा ‘तो’ केला की कोण कुठला ‘तो’ ते कळेनासं होतं.

साहेब म्हणाले, काल तुम्ही रजेवर होतात. बदली आलेल्याने असंच केलं आणि फोरमनचा जबाब अर्ध्या वेळात उरकला.

“मग माझी हरकत तेवढी नोंदवून ठेवा,” बाई म्हणाल्या.

टाइपिस्टने ती नोंदवली. बाईंच्या काटेकोरपणाची सगळ्यांना सवय होती. आज मात्र त्यांचा चेहरा ओढलेला दिसत होता. बरं नाही का, असं टाइपिस्टने विचारलं, तर घरी आजारपण आहे, दहा दिवस कुणाच्या घशाखाली धड घास उतरलेला नाही, एवढंच म्हणाल्या.

आत बोलावलेली साक्षीदार तिशीची होती. तिचा नवरा रंगाच्या कारखान्यात कामाला होता. मिसळण्याची टाकी आतून खरवडायला तो उतरला आणि पाती फिरायला लागली. पुढे दोन दिवस तो इस्पितळात होता. बटण बंद केलंय असं कुणी कुणाला सांगितलं, एवढाच प्रश्न होता. चूक त्याचीच ठरली, तर कारखान्याची खोली महिनाअखेर सोडायची आणि त्याच्या जागी बायकोला काम मिळणार नाही. फोरमनची ठरली, तर फोरमन तुरुंगात.

बायकोला खोलीचं तितकंसं वाटत नव्हतं. तिने आधी तेच सांगितलं. मुलीला शाळेत पोरं म्हणतात, तुझा बाप स्वतःच्या धांदरटपणाने मेला. तेवढं पुसून द्या.

बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

मग साहेबांनी विचारलं, तो शेवटचं काय बोलला?

“ते शुद्धीवर आले,” बायको म्हणाली. “मला म्हणाले, दादा म्हणाला, मी बटण बंद केलंय, तू उतर बिनधास्त. एवढंच. परत बोलले नाहीत.”

दादा म्हणजे काय, साहेबांनी विचारलं.

“मोठा भाऊ,” बाई म्हणाल्या. “पण आदराने कुणालाही म्हणतात. कामगार फोरमनला म्हणतात.”

मग त्यांनी सांगितल्या पद्धतीने वाक्य लावलं. ती म्हणाली की, शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला की, त्याने त्याला सांगितलं होतं की त्याने बटण बंद केलंय आणि तो बिनधास्त उतरू शकतो.

साहेबांनी कपाळ चोळलं. हे फारच ‘तो’ झाले, म्हणाले. त्यांनी कालचा जबाब उघडला. फोरमनने म्हटलं होतं, की उतरण्यापूर्वी त्याने त्याला बटण बंद केल्याचं सांगितलं होतं. साहेबांचा चेहरा खुलला.

“म्हणजे दोन्ही जबाब जुळतात. मयताने फोरमनला सांगितलं, बटण मी बंद केलंय, मी उतरतो. बरोबर?”

बाई बायकोकडे वळल्या. “ताई, हे तुम्हाला मिस्टरांनी स्वतः सांगितलं ना?”

“हो. स्वतःच्या तोंडाने.”

“हो म्हणते,” बाई इंग्रजीत म्हणाल्या.

टाइपिस्टची बोटं चालली. कागद बाहेर आला. बायकोने अंगठ्याशेजारी नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर. त्याखाली ‘भाषांतर बरोबर आहे’ अशी ओळ होती. बाईंनी सही केली, त्याच जुन्या, नवऱ्याच्या आडनावाने. नवऱ्यापासून वेगळं होऊन बारा वर्षं झाली होती, पण कागदोपत्री ते बदलायचं राहून गेलं होतं.

व्हरांड्यात बायकोने त्यांना गाठलं.

“साहेबांना कळलं ना सगळं?”

“तुम्ही बोललात त्यातला एक शब्द मी गाळला नाही.”

बायकोने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. तुम्ही होतात म्हणून धीर आला, म्हणाली. बाईंना हात सोडवून घेता येईनात. खाली रस्त्यावर येईपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.

घरी पोचल्या तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. स्वयंपाकघरात सकाळचं ताट झाकलेलं, तसंच. त्यांनी भाजी गरम केली, ताट वाढलं आणि आतल्या खोलीत नेलं. खुंटीवर रंगाचे डाग पडलेला शर्ट दहा दिवस लटकत होता. खाटेवरच्या माणसाने मान वर केली.

“मिटलं,” त्या म्हणाल्या. “आता तरी दोन घास खा, दादा.”