तिसरं संत्रं

"सोडला गं!" म्हणत सिद्धीने पहिलं संत्रं नाल्यात टाकलं.

खालच्या अंगाला, दोरीच्या खुणेपाशी उभ्या असलेल्या आसावरीने मोबाइलवर वेळ लावली. आदल्या दिवशीच्या पावसाने बंगळुरातल्या सर्जापूर रोडच्या इमारतींमागचं पाणी तळ्याकडे जोरात निघालं होतं. संत्रं अर्धं बुडून वाहतं, वाऱ्याने भरकटत नाही. म्हणून प्रवाहाचा वेग मोजायला पाण्याचे अभ्यासक खुशाल संत्री सोडतात. ते दोरीपाशी आलं तसं आसावरीने बटण दाबलं. "अठरा सेकंद!"

काठावर नरसिंहराव सर मिटलेली छत्री टेकून उभे होते. शहरातलं पाणी आणि झाडं यांवर पीएचडी करायला त्यांच्याकडे यंदा एकच जागा होती आणि शेवटच्या फेरीत या दोघीच उरल्या होत्या. आसावरीची परीक्षा आत्ताच झाली होती. तेव्हा दोरीपाशी सिद्धी होती आणि तिन्ही आकडे अगदी जुळले होते. सर मूळचे मराठी, पण जन्म बंगळुरातला. "सरी," म्हणजे ठीक, एवढंच ते कन्नडमध्ये म्हणाले होते.

सिद्धीशी मात्र ते हसून बोलत होते. संत्री तिच्याच घरून, नागपूरहून आलेली. "आई म्हणे, इतका चांगला संत्रा नालीत कोण फेकते?" यावर तर सर छत्री हलेपर्यंत हसले. आसावरीचा नुसता जळफळाट झाला. दोघी कोरमंगलात एकाच खोलीत राहायच्या. डोळे फुटेपर्यंत वाचायची ती आसावरी, आणि लोकांना आवडायची ती सिद्धी. हिला सगळं आयतं कसं मिळतं, हा प्रश्न काही तिला आज पहिल्यांदा पडत नव्हता.

दुसरं संत्रंही अठरा सेकंदांत आलं.

तिसरं आलं, दोरी ओलांडून पुढे गेलं, आणि आसावरीचं बोट बटणावर नुसतंच राहिलं. संत्रं पुढे रस्त्याखालच्या मोरीत दिसेनासं झालं तेव्हा तिने ते दाबलं.

"सत्तावीस!"

आपला आवाज जरासुद्धा कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

"आता?" सरांनी सिद्धीला विचारलं. "शेवटचा आकडा सोडून देतेस?"

बहुतेक जण तेच करतात. आसावरीनेही तेच केलं असतं.

"नाही सर. आसावरीचा टाइम चुकत नाही. पाण्यातच काहीतरी असेल."

गमबूट होतेच पायात. सिद्धी सरळ नाल्यात उतरली आणि वाकून बघत बघत निघाली. मध्येच तिने हात घातला आणि पालापाचोळ्याने भरलेली प्लास्टिकची गोणी ओढून बाहेर काढली.

"हे पाहा सर! इथं अडकला असेल. आसावरी, अडकला होता नं?"

दोघंही आसावरीकडे बघायला लागले. संत्रं कुठेही अडकलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "थोडा वेळ."

सरांनी मान डोलावली. "आकडा सोडून देणारे पुष्कळ भेटतात. उतरून बघणारं कुणी हवं होतं मला. सिद्धी, जानेवारीपासून ये." मग आठवण झाल्यासारखं ते वळले. "थँक्स हं, आसावरी."

सिद्धी धावतच वर आली. "तुझ्यामुळं मिळालं गं! तुझ्या जागी दुसरं कोणी असतं तर मी उतरलीच नसती."

पिशवीत एक संत्रं उरलं होतं. बाटलीतल्या पाण्याने हात धुऊन तिने ते सोललं आणि अर्धं आसावरीच्या हातावर ठेवलं.

आसावरीने एक फोड तोंडात टाकली. निदान आंबट तरी निघायला हवी होती.