सुटं टोक

उंच उडवून झेलताना लेक हातातून निसटली, मानेचं हाड मोडलं, असंच घरचे धरून चालले होते. तेव्हापासून बापाने तिला उचललं नव्हतं. “याच्याच हौसेपायी झालं,” आजी डॉक्टरीणबाईंना म्हणाली. बाईंनी एक्स-रेची फिल्म उजेडावर धरून निरखली. मानेच्या दुसऱ्या मणक्याचं टोक सुटं होतं. पण ताज्या फ्रॅक्चरसारखं खडबडीत नव्हतं, झिजलेल्या साबणासारखं गुळगुळीत होतं. “तुम्ही काही मोडलेलं नाही,” त्या बापाला म्हणाल्या. “हा दुर्मीळ दोष आधीपासूनच होता.” त्याला हुंदका फुटला. “बाबा, मग घोडा घोडा?” मानेचा पट्टा सावरत लेकीने विचारलं. तो लगेच गुडघ्यांवर वाकला. बाईंचं बोलणं अर्धंच झालं होतं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “नको. कधीच नको. एका धक्क्यानेही ते टोक सरकून जिवावर बेतेल.” “घोडा म्हातारा झाला गं, राणी,” तो म्हणाला आणि तसाच ओणवा राहिला.