बाळाचा साबण

ओडीलचा साबण पुन्हा जागेवर नव्हता.

कालच तर जोसेटने नवी वडी काढली होती, बदकाचा ठसा असलेली. सिंकमध्ये पांढरा टब तयार ठेवलेला, बाळ टॉवेलात गुंडाळून कडेवर, आणि साबणदाणी रिकामी.

टेबलाशी सासरे कुट्टूच्या घावनाला लोणी फासत बसले होते. ओडील झाल्यापासून जोसेटही त्यांना नातीच्या नात्याने पेपेर म्हणायची, म्हणजे आजोबा.

"पेपेर, बाळाचा साबण पाहिलात?"

"उंदरांनी नेला असेल," ते घावनाकडे बघतच म्हणाले. "तळघरात माजलेत नुसते."

"आणि पाण्याला वास येतो, तोही उंदरांचा?"

"तुला काय, सगळ्यालाच वास येतो, पोरी. बाळंतिणीचं नाक आहे ते."

लाकूडतोडीच्या कॅम्पवरून नवरासुद्धा फोनवर हेच म्हणाला होता. अगदी याच शब्दांत.

ती बॅटरी घेऊन तळघरात उतरली. घर तापवायच्या तेलाची टाकी चार पायांवर उभी होती, मातीच्या जमिनीवर. तिच्यामागच्या भिंतीपलीकडे विहीर, घरातल्या नळाचं पाणी तिचंच. जोसेट बाळाला सावरत वाकली आणि टाकीच्या पोटाखाली उजेड धरला.

टाकीच्या पोटाला साबण थापलेला होता. थरावर थर. सगळ्यांत आतला जुनाट, पिवळा पडलेला. त्यावर हिरवा. मग सासूबाई वापरायच्या तो जांभळा. आणि वर ताजा, पांढराशुभ्र, पेपेरांच्या अंगठ्याच्या ठशासकट. त्याच्या कडेने लाल तेलाचा एक थेंब लोंबत होता. खाली ताटली ठेवलेली होती. ताटलीभोवतीची माती काळी पडली होती.

भिंतीतल्या कोनाड्यात वडीचा उरलेला तुकडा होता. बदकाचं डोकं तेवढं शाबूत.

बाहेर तेलाचा ट्रक येऊन थांबला.

ती वर आली तेव्हा दार उघडं होतं. ड्रायव्हर रेजां खांद्यावर नळी टाकून उंबऱ्यात उभा होता.

"काका, खाली कोरडं आहे ना?" भरायला लागण्याआधी तो प्रत्येक घरी हे विचारायचा.

"ठणठणीत. काठोकाठ भर. आज रात्री हाडं फुटायची थंडी आहे."

जोसेटला ठाऊक होतं. तिने एक शब्द काढला, की रेजां तेल भरायच्या बाहेरच्या पाइपला लाल पट्टी बांधणार. मग नवी टाकी बसेपर्यंत या खोऱ्यात कुणी त्यांना थेंबभर तेल देणार नाही. टाकीचा काटा तळाला टेकलेला. संध्याकाळपर्यंत घर गारठून जाईल. कडेवरच्या ओडीलची पावलं आत्ताच गार लागत होती. आणि टाकी भरली, तर तो सगळा भार एका साबणाच्या वडीवर.

"कोरडं नाही," ती म्हणाली.

पेपेरांनी हातातलं घावन खाली ठेवलं. "अगं, टाकी जराशी रडते. पोरं नाही का रडत? हात फिरवला की गप्प होते. माझा बापही हेच करायचा."

"नुसता हात फिरवता, काका?" रेजांने विचारलं.

जोसेटने कोनाड्यातून आणलेला तो तुकडा त्याच्या तळव्यावर ठेवला. त्याने वास घेतला. उलटा करून बदक पाहिलं.

"माझे आजोबा निदान कपड्यांचा वापरायचे," तो म्हणाला. साबण टेबलावर ठेवून तो नळी ओढत बाहेर गेला. खिडकीतून तो पाइपपाशी वाकलेला दिसला. हातात लाल पट्टी होती.

"झालं समाधान?" पेपेर म्हणाले. "आता हिला कुठे निजवणार आहेस?"

"आईकडे नेते."

"आणि मी?"

जोसेटने बाळाचा टॉवेल उगीचच आणखी घट्ट केला.

पेपेरांनी साबण उचलला. "चांगला आहे की अजून," असं पुटपुटत ते सिंकशी गेले. टबात पाणी सोडून त्यांनी तुकडा दोन्ही हातांनी चोळून चोळून धुतला. पाण्यावर तेलाची रंगीत वलयं उमटली. त्यांनी साबण साबणदाणीत ठेवला, टब ओतून घासून पुसला, हात विजारीला पुसले आणि नळाखाली टब पुन्हा भरायला लावला.

गुलाबी, मग निळं, मग हिरवं. नळाच्या ताज्या पाण्यावर वलयं पुन्हा पसरत गेली.

पेपेरांनी वाकून पाण्याला नाक लावलं. नळ बंद केला. पण ते सरळ झाले नाहीत, सिंकची कड धरून तसेच वाकून राहिले.

ओडील आईच्या कडेवरून झुकली आणि खिदळत दोन्ही हात त्या रंगांकडे पसरू लागली.