सर्जनच्या रकान्यातलं नाव

“सहा वर्षांत हिच्या नावावर एकही नाही,” थोरले डॉक्टर साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून म्हणाले. ऑपरेशनचं रजिस्टर त्यांनी न्यायाधीशबाईंकडे असं सरकवलं, जणू एखाद्या मठ्ठ मुलीचं प्रगतिपुस्तक तिच्या आईला दाखवताहेत.

समोरच्या बाकावर धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकही नाही! छत्तीस वर्षांची ती, दोन पदव्या, केसांत पांढरी बट, तरी हॉस्पिटलात सगळे अजून तिला धाकटीच म्हणायचे. सहा वर्षं तिने थोरल्यांच्या हाताखाली पोटं उघडली आणि शिवली. मग स्वतःचा दोन खोल्यांचा दवाखाना काढला. पण शहरात ऑपरेशन थिएटर एकच, आणि ते थोरल्यांच्या हॉस्पिटलात. बाहेरच्या सर्जनला तिथे ऑपरेशन करायचं तर समितीची परवानगी लागते, आणि समितीचे अध्यक्ष थोरलेच. तिचा अर्ज एका ओळीच्या शेऱ्यासह परत आला: स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया केल्याचा पुरावा नाही.

तेव्हापासून आठ महिने ती पेशंटना तीन तासांवरच्या हॉस्पिटलच्या चिठ्ठ्या लिहून देत होती. एका सुताराचं आतडं वाटेतच फुटलं. तो वाचला, पण कसाबसा. त्याच्या बायकोने धाकटीला विचारलं होतं की तुम्हाला येत होतं तर तुम्हीच का नाही केलंत. दुसऱ्या दिवशी धाकटी कोर्टात गेली.

पुरावा कुठून आणणार? थिएटरच्या सिस्टर रोज सकाळी रजिस्टरचं नवं पान उघडायच्या आणि सर्जनच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत थोरल्यांच्या नावाचा रबरी शिक्का मारून मोकळ्या व्हायच्या. ठक, ठक, ठक. पेशंट यायच्या आधी सर्जन ठरलेला. मग थोरले केबिनमध्ये चहा पीत बसोत की फोनवर मेव्हण्याशी भांडोत, चाकू धाकटीच्या हातात आणि नाव त्यांचं. पेशंट शुद्धीवर यायचा तेव्हा पायथ्याशी थोरलेच उभे असायचे, हसतमुख, हात मागे बांधून.

धाकटीची आत्या नात्याने आत्या, धंद्याने वकील आणि स्वभावाने पेटती काडी. ती महिनाभर भाचीच्या मागे लागली होती की तुझ्या हातचा एक पेशंट दे, फक्त एक. धाकटीचं आपलं एकच पालुपद: पेशंटने स्वतः सांगितलं तर ठीक, मी कुणाचं नाव घेणार नाही.

“ठमे,” आत्या म्हणाली होती, “ही तुझी तत्त्वं तुला बुडवतील, आणि वर माझी वकिली घेऊन बुडतील.”

आता आत्या उलटतपासणीला उठली. हातात काहीच नव्हतं, म्हणून तिने उगाच खडा टाकून पाहिला. सहा वर्षं सगळी ऑपरेशनं यांनीच केली, तर साहेब कधी आजारीसुद्धा पडले नाहीत का?

थोरल्यांची छाती फुगली. एक दिवस रजा नाही, ते म्हणाले. एकदाच काय ते अपेंडिक्स फुटायला आलं म्हणून दहा दिवस खाटेवर होते, तेही आपल्याच हॉस्पिटलात. लोक मोठमोठ्या ठिकाणी पळतात, हे नाही पळाले. आत्याने विचारायच्या आधीच त्यांनी तारीखही सांगून टाकली.

धाकटीने मान खाली घातली. तिचे कान तापले होते.

आत्याने रजिस्टर मागून घेतलं आणि बोटाला थुंकी लावून पानं उलटली. एका पानावर ती थांबली. मग तिने रजिस्टर थोरल्यांपुढे धरलं आणि गोड आवाजात पेशंटचं नाव वाचायला सांगितलं. थोरल्यांनी स्वतःचं नाव वाचलं.

“आता सर्जनचं.”

थोरले वाचेनात. कोर्टाच्या कारकुनाने मान लांबवून पाहिलं आणि हसू दाबायला खोकला काढला.

“म्हणजे स्वतःचं पोट स्वतःच उघडलंत,” आत्या म्हणाली. “भूल घेण्याआधी, की नंतर?”

मागचे बाक खदखदले. थोरले लालेलाल झाले. सिस्टरची चूक, म्हणाले, एखाद्या वेळी होतं असं. आत्याने पान उलटलं. पुढचे नऊ दिवस साहेब सलाईन लावून पडलेले, आणि रजिस्टरात सतरा ऑपरेशनं, सतराही शिक्के त्यांचेच.

न्यायाधीशबाईंनी हात वर करून हशा थांबवला आणि थोरल्यांना सरळ विचारलं की अपेंडिक्स कोणी काढलं.

“मला आठवत नाही,” थोरले म्हणाले. “मी भुलीत होतो.”

धाकटीच्या मुठी वळल्या. आठवत नाही! त्या दिवशी थिएटरबाहेर थोरल्यांच्या हाताखालचे आणखी दोन सर्जन हात धुऊन तयार होते. स्ट्रेचरवरून याच माणसाने तिचं मनगट घट्ट पकडलं होतं. घामाने डबडबलेला, लहान मुलासारखा घाबरलेला. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस, म्हणाला होता. तेव्हा नव्हती भूल दिलेली.

“तुम्हाला आठवतं का?” न्यायाधीशबाई आता तिच्याकडे वळल्या. “कोणी केलं ते ऑपरेशन?”

धाकटी उठली. सहा वर्षं जिभेच्या टोकावर येऊन उभी होती. आत्या डोळ्यांनी हात जोडत होती, बोल गं बाई, एकदाची बोल. धाकटीने थोरल्यांच्या डोळ्यांत डोळे घातले. त्यांनीच आधी नजर खाली टाकली.

“त्यांनाच विचारा, मॅडम,” ती म्हणाली. “मी माझ्या पेशंटबद्दल बाहेर बोलत नाही.”