न विचारता

अहेरीकडच्या आमच्या गावातून जंगलखात्याचा गोरा साहेब विलायतेला परत गेला, तो वैतागूनच. गावातला चैतू रोज न विचारता बंगल्यात शिरायचा आणि म्हणायचा, "साहेब, जेवला का?" साहेब दर वेळी ओरडायचा, "आधी दार वाजव!"

वर्षभराने त्याचं पत्र आलं. ते वाचून दाखवायचं काम माझं, शाळामास्तराचं. समुद्रकाठी त्याचं वीस घरांचं गाव. सगळे पडद्याआडून एकमेकांवर नजर ठेवतात, पण बोलावल्याशिवाय कोणी कोणाकडे जात नाही. साहेब जिन्यावरून पडला आणि दोन दिवस तिथेच पडून राहिला. शेजारणीला संशय आला होता, पण न बोलावता जायचं कसं? शेवटी दारातल्या बाटल्या तशाच पाहून दूधवाला आत शिरला.

चैतू म्हणाला, "मास्तर, लिवा त्याले, जेवला का म्हणून."

"चैतूभाऊ, बोटीनं पत्र जायले महिना लागते. काय उपयोग?" मी म्हणालो.

चैतूने थोडा विचार केला.



"मंग रोज एक लिवा ना. महिन्यानंतर साहेबाले रोज पोचन."